पाय लांब करण्यापुरती जागा

डॉक्टरांनी एकच अट घातली होती. विमानात पाय लांब करून आडवं पडता येणार असेल तर जा, नाहीतर नातवाचं तोंड फोनवरच बघा. आत्या त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसून ऐकत होती आणि मी तिच्यामागे उभी होते. आदल्या वर्षी मागच्या दारच्या पायरीवरून ती घसरली, बरेच दिवस अंथरुणात होती, आणि तेव्हाच तिच्या डाव्या पायात रक्ताची गुठळी झाली. औषधांनी ती विरघळली. पण रत्नागिरीहून चिपळूणपर्यंत गाडीत बसून गेलं तरी तो पाय घोट्यापाशी सुजायचा. डॉक्टर म्हणाले, गुठळी पुन्हा झाली आणि वर सरकली तर ती छातीत जाते आणि श्वास अडतो.

तिचा मुलगा, माझा आत्तेभाऊ, लंडनला असतो. मी त्याला दादा म्हणते. डॉक्टरांची अट ऐकल्यावर त्याने आईसाठी बिझनेस क्लासचं तिकीट काढलं आणि सोबत म्हणून माझं, मागच्या इकॉनॉमीतलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पाय आत्याचा होता.

तिकिटाबरोबर त्याने एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक बाई बटण दाबते आणि खुर्ची हळूहळू सपाट होत पलंग होते. आत्याने तो व्हिडिओ सगळ्या आळीला दाखवला. दारावर मासे घेऊन येणाऱ्या मावशींनी पाटी उतरवून तो नीट पाहिला आणि म्हणाल्या, "निजूनच जायचा हाय तर इमान कशाला वो बाई, घरातच निजा." आत्या खूप हसली. ती वर्गातल्या मुलांना शिकवावं तशी त्यांना बटणं समजावून सांगू लागली. निवृत्त झाली तरी तिच्यातली प्राथमिक शाळेतली बाई निवृत्त झालेली नाही.

मला सोबत पाठवण्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. मी इंग्रजी माध्यमातली. आमच्या शाळेत मराठी बोललं की वर्गाबाहेर उभं करायचे. त्यामुळे मी चांगलं इंग्रजी शिकले, आणि त्याहून चांगलं गप्प बसायला शिकले. हे दुसरं घरच्यांच्या लक्षात आलेलं नाही. "तू आहेस म्हणून मला घोर नाही," आत्या म्हणायची, आणि मी विषय बदलायचे.

मुंबईपर्यंत आम्ही रेल्वेने गेलो. आत्या खालच्या बर्थवर उशी पायाखाली घेऊन झोपली. उतरताना तिचा पाय अगदी बरा होता.

विमानतळावर तिची रांग वेगळी आणि माझी वेगळी. विमानाच्या दारातल्या माणसाला मी तिला जागेवर बसवून येते असं सांगितलं, तेव्हा त्याने मान डोलावली. आतमध्ये पाऊल टाकल्यावर मला पहिली शंका आली. व्हिडिओतलं काहीच तिथे नव्हतं. विमान जुनं होतं. आत्याच्या खुर्चीचं कातडं कोपऱ्यांवर तडकलेलं, हात ठेवायच्या जागी कुणाच्या तरी कॉफीचा वाळलेला गोल डाग, समोरचा पडदा काळा. आत्या म्हणाली, "पडदा कशाला हवाय, मी झोपणारच आहे." तिने बटण दाबलं. खुर्ची घरघरली, थोडी मागे गेली आणि थांबली. पायाखालची फळी वर आलीच नाही.

मी दाबलं. मग एअर होस्टेस आली, तिने दाबलं. तिने गुडघ्यांवर बसून खालची कुठलीतरी कळ ओढली, कुणाला तरी फोन केला, सगळं बंद करून चालू केलं. खुर्ची तितकीच कलायची, आमच्या एसटीची कलते तितकी. मागून लोक येत होते, त्यांच्या बॅगा माझ्या पाठीला लागत होत्या. शेवटी ती उभी राहिली आणि आत्याकडे वाकून, गोड हसून म्हणाली की याच भागात मागच्या ओळीत एक जागा रिकामी आहे, जरा टॉयलेटजवळ आहे पण तिथली खुर्ची पूर्ण आडवी होते, तुम्हाला तिकडे जायला आवडेल का?

आत्याही हसली. "नो, नो," ती म्हणाली. "इट इज ओके. डोंट ट्रबल."

ते हसू मी ओळखते. आमच्याकडे कुणाच्या घरी गेलं आणि चहा विचारला की नको म्हणायचं असतं. आत्ताच झाला, असं सांगायचं असतं. मग घरातली बाई म्हणते, घ्या हो अर्धा कप. आपण म्हणायचं, खरंच नको. तोवर आतमध्ये आधण ठेवलेलं असतं, आणि मग कप हातात आला की घ्यायचा. पहिल्याच हाकेला हो म्हणणारं माणूस हावरट. आत्याने सबंध आयुष्यात पहिल्या विचारण्याला हो म्हटलेलं मी पाहिलेलं नाही, आणि तिला पुन्हा न विचारणारं घरही रत्नागिरीत नाही.

एअर होस्टेस म्हणाली, समजून घेतल्याबद्दल खूप खूप आभार. आणि गेली.

मी आत्याच्या कानाशी वाकून म्हटलं, "आत्या, ती परत विचारणार नाही."

"विचारेल गो. आत्ता घाईत आहे ती. तू जा तुझ्या जागेवर, लोक खोळंबलेत."

कुणीतरी मला पुढे व्हायला सांगितलं आणि मी पुढे झाले.

माझी जागा बरीच मागे होती. खिडकीशी मी, मधली खुर्ची रिकामी, आणि कडेला सफारी घातलेले एक गुजराती काका, ज्यांनी विमान उडायच्या आतच स्वतःच्या डब्यातला ठेपला मला दिला. मी घेतला आणि तसाच हातात धरून बसले. पट्ट्यांचा दिवा विझला तशी मी उठले. पुढे पडदा ओढलेला होता. पडद्यापाशी एक तरुण कर्मचारी होता. त्याने मला नम्रपणे थांबवलं. पुढच्या भागात फक्त तिथल्याच प्रवाशांना जाता येतं. मी म्हटलं, माझी आत्या आहे. तो म्हणाला, त्या आराम करतायत, काही लागलं तर त्या बेल वाजवतील.

आत्या बेल वाजवणार नाही हे त्याला कसं सांगायचं? माझ्या तोंडून 'ओके, सॉरी' एवढंच आलं. मी परत येऊन बसले. समोरच्या पडद्यावर विमानाचं छोटं चित्र समुद्रावर होतं आणि मी हिशेब करत होते, किती वेळ झाला असेल तो पाय खाली लोंबतोय.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा जेवणाच्या गाड्या परत चालल्या होत्या आणि पडद्यापाशी कुणी नव्हतं. मी आत गेले. पहिली दिसली ती टॉयलेटजवळची खुर्ची. ती आता पलंग झाली होती. तिच्यावर एक माणूस डोळ्यांवर पट्टी लावून, पांढरे मोजे घातलेले दोन्ही पाय लांब करून झोपला होता.

आत्या तिच्या जागी ताठ बसली होती, स्टाफरूममध्ये बसावं तशी. तिने आपली पर्स आणि उशी एकावर एक रचून डावा पाय त्यावर टेकवला होता, पण तो ढीग सारखा घसरत होता. जेवलीस का, विचारलं. म्हणाली, विचारायला आली होती ती, मी नको म्हटलं, मग ताट पुढे गेलं. घरून आणलेली खोबऱ्याची वडी तिने खाल्ली होती.

"पाय दाखव."

"बरा आहे."

मी खाली बसले आणि साडीचा काठ वर केला. तिने तो लगेच खाली ओढला, पण मला दिसलं होतं. घोटा दिसतच नव्हता. मी अंगठ्याने दाबलं आणि बोट काढलं, तर खळगा तसाच राहिला. डॉक्टरांनी आम्हाला हेच बघायला शिकवलं होतं.

मी एअर होस्टेसला शोधून काढलं. ती ट्रे लावत होती. मी सुरुवात केली ती शाळेत शिकले तशीच. सॉरी टू ट्रबल यू, आय वॉज जस्ट वंडरिंग. तिने ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं की मॅडमना दुसरी जागा दिली होती, त्यांनी नाकारली. त्यात एक शब्द खोटा नव्हता. त्यानंतर दुसऱ्या एका प्रवाशाने मागितली म्हणून त्यांना दिली. आता ते झोपलेत. गैरसोयीबद्दल आम्ही मॅडमच्या खात्यावर पॉइंट्स जमा करू शकतो.

"पॉइंट्स," मी म्हटलं.

आत्याने मागून माझी ओढणी धरली. ती माझ्यामागे उठून आली होती, एक हात खुर्चीवर ठेवून. मराठीत, अगदी हळू म्हणाली, "राहू दे गो. लोकांसमोर तमाशा नको. उतरल्यावर बघू काय ते."

तिचा चेहरा पांढरा पडला होता. उतरेपर्यंत थांबलो तर बघायला उशीर झालेला असेल हे मला माहीत होतं, आणि कदाचित तिलाही.

मग मी जे बोलले ते मला स्वतःला परक्या आवाजात ऐकू आलं. त्यात सॉरी नव्हतं. "हिच्या पायात गुठळी झाली होती. पाय आता सुजलाय. डॉक्टरांनी आडवं पडायच्या अटीवर विमानात बसू दिलंय. हिला काही झालं तर तुम्हाला हे विमान मध्येच कुठेतरी उतरवावं लागेल. मी माझ्या जागेवर जाणार नाही."

एअर होस्टेसचं हसू गेलं. हसू नसताना ती माझ्याच वयाची दिसली. तिने आत्याच्या पायाकडे पाहिलं आणि ती मोठ्या साहेबांना बोलवायला गेली. ते आले, पांढऱ्या मोज्यांवाल्या माणसाला हलकेच उठवलं, काही बोलले. तो माणूस पट्टी कपाळावर सरकवून आमच्याकडे बघत राहिला. तो भांडला नाही. त्याने एवढंच सांगितलं की ही जागा त्याला रीतसर दिली आहे, आणि उतरल्या उतरल्या त्याला कामावर जायचंय. मग त्याने पट्टी खाली ओढली. साहेबांनी आमच्याकडे पाहून हात पसरले.

मला तेव्हा माझ्या शेजारची रिकामी खुर्ची आठवली. ती, माझी आणि काकांची मिळून तीन होत होत्या. साहेब म्हणाले, क्लास बदलायला परवानगी नाही. मी म्हटलं, वरून खाली यायला कसली परवानगी? ते एअर होस्टेसकडे बघू लागले. ती म्हणाली, मी घेऊन जाते त्यांना.

आत्या मधल्या बोळातून लंगडत आली. दोन्ही बाजूंचे लोक मान वर करून बघत होते आणि ती खाली मान घालून चालली होती. काकांना मी म्हटलं, पुढची एक जागा आहे, बिझनेस क्लासमधली, पण ती बिघडलेली आहे, तुम्हाला जर शक्य असेल तर—

काका उभे राहिले होते. "बिघडली म्हणजे बसता येते ना?"

"बसता येतं."

"मग बघता काय," ते म्हणाले, आणि ठेपल्याचा डबा घेऊन निघाले. आत्या त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. "कसं पटकन हो म्हणाले," ती पुटपुटली. त्यात कौतुक होतं की नवल, मला कळलं नाही.

खुर्च्यांमधले दांडे वर केले. आत्या खिडकीला पाठ लावून अर्धी आडवी झाली आणि तिने पाय माझ्या मांडीवर ठेवला. आता तो तिच्या कमरेपेक्षा वर होता. एअर होस्टेसने न विचारता दोन उशा आणि पाणी आणून दिलं. मी आत्याच्या पायाची बोटं मागे-पुढे करत राहिले, डॉक्टरांनी दाखवलं होतं तसं, आणि तिच्या श्वासाकडे कान लावून बसले. मध्येच ती खोकली तेव्हा माझा हात थांबला. "वडीचा तुकडा," ती म्हणाली. तिला झोप लागली. मला लागली नाही. ती झोपली आहे याची खात्री करायला मी तिच्या छातीची हालचाल बघत होते.

दादा विमानतळावरून आम्हाला थेट हॉस्पिटलात घेऊन गेला. तिथे थंड मलम लावून पायावर यंत्र फिरवलं. आत्या पडद्याकडे बघत होती, तिथे काहीतरी करडं हलत होतं. तिथल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, नवी गुठळी नाही, नुसती सूज आहे, पण अजून बराच वेळ तशाच बसल्या असत्या तर मी काही सांगू शकले नसते. हे मी आत्याला मराठीत सांगितलं. शेवटचं वाक्य वगळलं नाही.

मग ती नातवाला मांडीवर घेऊन बसली, आणि मी थोड्याच दिवसांत रत्नागिरीला परत आले. दादाने विमान कंपनीला कडक पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं: प्रवाशाला पर्यायी जागा देऊ केली होती, त्यांनी ती नाकारली. दादाने फोन करून मला विचारलं, असं कसं? मी म्हटलं, आत्यालाच विचार. मागून तिचा आवाज आला, दुखावलेला. "एकदाच तर नको म्हटलं होतं रे."

परतीचं तिकीट अजून काढलेलं नाही. त्यावरून त्यांचं रोज बोलणं होतं, आणि मला पुन्हा जावं लागेल असं दिसतंय. काल संध्याकाळी मी फोन लावला तेव्हा ती बाळाला खेळवत होती. तिथल्या थंडीचं, दुधाचं, सुनेचं सगळं सांगून झालं.

"पाय कसा आहे?"

"बरा आहे गो."

"दाखव."

"बरा आहे म्हटलं ना."

"आत्या, दाखव."

तिने फोन खाली नेला. आधी गालिचा दिसला, मग बाळाचं झबलं, मग तिचा पाय. मोज्याचा वळ उमटलेला होता. मी तिला फोन जरा जवळ धरायला सांगितला. घोट्याचं हाड दिसत होतं.