खारी माती आणि टीन

आमच्या गावातल्या निम्म्या घरांवरचं धाबं इंद्रभाननं घातलेलं. लाकडांवर तुराट्या, त्यावर निंबाचा पाला, मग चिखल आणि सगळ्यात वर खारी माती. बाहेर लाही होत असली तरी आत माणूस दुपारी निवांत झोपे. माझ्या घराचं धाबंही त्याचंच. मला लिहिण्याची सवय नाही, चुकलंमाकलं असेल.

चार वर्षांपूर्वी त्याला घरकुल मिळालं. जुन्याच जागी बांधायचं म्हणून त्यानं आपलं धाबं आपल्याच हातानं पाडलं. भिंती विटांच्या झाल्या, पैसे संपले म्हणून स्लॅब राहून गेला, वर टीन आले. पुढे दोन वर्षांनी त्याची बायको सिंधूताई लकव्यानं खाटेला खिळली. मुलगी मयुरी मोताळ्याहून आली. म्हणाली, "आईले मी नेतो. इथं भाजून जाईन ते."

"मी माह्या घरातून हालत नाई," सिंधूताई म्हणाली.

इंद्रभानलाही तिला पाठवायचं नव्हतं. घर तेवढं गार करायचं होतं. गेल्या उन्हाळ्यात त्यानं टिनावर तुराट्या अंथरल्या, खारी माती पसरली आणि रोज पाणी शिंपडू लागला. उन्हाळा निभावला. सिंधूताई मला म्हणाली, "पाहा नाना, म्हातारपनी बायकोसाठी ताजमहाल बांधून राह्यले!"

खाऱ्या मातीत मीठ असतं. ओलं मीठ टीन खातं, हे जन्मभर लाकडावर माती घालणाऱ्याच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही आलं नाही. यंदा मे महिन्यात वरून ढेकळं खाटेवर पडली. त्यानं माती खरवडली, तर टिनाची चाळणी झालेली. उन्हाचे ठिपके सिंधूताईच्या अंगभर पडले.

"अवो, दिवसा तारे दाखवले तुम्ही मले," ती हसून म्हणाली. संध्याकाळी तिला ताप चढला.

मी म्हणालो, "माझ्या घरी आणून ठेव तिला." हे मी दोन वर्षांपूर्वीच म्हणायला हवं होतं. परक्या घरची बाई घरात ठेवली तर घरचे, गावातले काय म्हणतील, म्हणून धीर झाला नव्हता.

"आता कशाले, नाना?" एवढंच तो बोलला.

तिसऱ्या दिवशी मयुरी ऑटो घेऊन आली. या वेळी सिंधूताई नाही म्हणाली नाही.

परवा इंद्रभान भर उन्हात दारासमोर उघड्यावर बसला होता. मी म्हटलं, "अरे, टिनावर ताडपत्री तरी टाकू."

तो म्हणाला, "कोनासाठी?"