चामराजपुरमची बैठक आणि आईचं एक वाक्य

गेल्या शनिवारी म्हैसूरच्या चामराजपुरममधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये आई असं काही बोलून गेली की मला दरदरून घाम फुटला. आज बुधवार... अजून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

आधी थोडं सांगते. माझा धाकटा भाऊ श्रीधर, त्याला गेली अठरा वर्षं स्किझोफ्रेनिया आहे. (नाव बदललंय, आणि त्याला विचारूनच लिहितेय.) वडील नाहीत. आई, तो आणि मी लष्कर मोहल्ल्यात राहतो. पणजोबा कापडं रंगवायचे, मी कंपनीच्या बसनं इथल्याच हेब्बाळला जाऊन कॉम्प्युटरसमोर बसते.

गोळ्या चालू असल्या की श्रीधर बरा असतो. जुने रेडिओ दुरुस्त करतो, आईला भाजी निवडून देतो. पण जूनमध्ये त्यानं गुपचूप गोळ्या बंद केल्या आणि एक दिवस अनवाणीच घराबाहेर पडला. दोन दिवसांनी नंजनगूडच्या रस्त्यावर सापडला, तळपाय सोलून निघालेले.

तेव्हापासून ऑफिसात फोन वाजला की आधी उठून उभी राहते, नंबर मग बघते.

दवाखान्यातल्या सिस्टरनी एक चिठ्ठी दिली होती. महिन्यातून एकदा बैठक असते... पेशंटची नाही, त्यांना सांभाळणाऱ्या घरच्यांची. चिठ्ठी दोन महिने पर्समध्ये पडून होती. कोणी ओळखीचं भेटलं तर? म्हैसूरमधला आमचा मराठी समाज मूठभर, इथं एकाला शिंक आली की दहा घरांत कळतं.

शेवटी शनिवारी आई आणि मी गेलो. श्रीधरला सांगितलं, बारशाला चाललोय. खोटं बोलताना आईनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

हॉलमध्ये बारा-चौदा माणसं गोल करून बसलेली. सगळा कारभार कन्नडमध्ये. एकेकानं आपापलं थोडं सांगायचं, असं ठरलेलं... आणि फिरत फिरत पाळी आईवर आली.

आता आम्हा म्हैसूरच्या मराठी लोकांना एक जुनी खोड आहे. घराबाहेर काही गुपित बोलायचं असलं की आम्ही बिनधास्त मराठीत बोलतो. साडीच्या दुकानात, बसमध्ये, अगदी माणसाच्या तोंडावर... कोणाला कळतंय? आई तर यात पटाईत.

तिनं सगळ्यांना हात जोडले, चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवलं आणि माझ्याकडे वळून चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली, "काय सांगू ग ह्यांना? हा माझ्या अगोदर जाऊ दे म्हणून रोज देवाकडं मागते, ते सांगू काय?"

मला हे माहीत नव्हतं. त्याची कॉफी फुंकर घालून त्याच्या हातात देणारी माझी आई रोज हे मागते...

तेवढ्यात समोरच्या खुर्चीतून मराठीत आवाज आला. कपाळाला विभूती लावलेले एक आजोबा, आत्तापर्यंत अस्सल कन्नड बोलत होते. "मी पण तेच मागतो, अक्का. मुलगी आहे माझी."

आईच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तोंडाला पदर लावून ती उठायलाच निघाली. मलाही वाटलं, संपलं... संध्याकाळपर्यंत घरोघरी होणार. कारण आमच्यातली दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तुम्ही कुणाच्या?" मग पणजोबांच्या नावापासून कुलदेवापर्यंत सगळं दोन मिनिटांत बाहेर येतं.

मी त्या प्रश्नाची वाट बघत बसले. तो आलाच नाही.

आजोबांनी पाण्याची बाटली आईपुढे धरली. "सुम्ने बसा, अक्का, नुसतं बसा. काही बोलायची गरज नाही." मग बाकीच्यांना कन्नडमध्ये इतकंच सांगितलं, की आपल्यामागं मुलाचं काय होईल याची ह्यांना भीती वाटते. तीन-चार माना हलल्या. एक बाई डोळे पुसायला लागल्या.

बैठक घेणाऱ्या मॅडमनी निघताना आम्हाला एक वही दिली. गोळ्या कोणत्या, त्रास वाढण्याआधी काय काय दिसतं, त्या वेळी फोन कोणाला करायचा, श्रीधरचा विश्वास कोणावर आहे... सगळं त्याच्याशेजारी बसून लिहायचं, त्याच्या माघारी नाही. आणि पहिल्याच पानावर, 'माझ्यानंतर कोण?'

आईनं पेन माझ्या हातात दिलं. मी वही मिटली. खरं सांगते, त्या पानाची मला सगळ्यात जास्त भीती वाटली. मी चव्वेचाळीस वर्षांची आहे. आईनंतर मीच, हे सगळ्यांनी धरूनच चाललंय. मीसुद्धा.

रिक्षानं परत निघालो. गल्लीच्या तोंडाशी आलो आणि आमचं दार सताड उघडं दिसलं. आई रिक्षा थांबायच्या आधीच उतरायला निघाली.

श्रीधर उंबऱ्याच्या आत बसून अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत होता. "बारसं चांगलं झालं काय?"

आई पायरीवरच बसली. बारसं नव्हतं रे, म्हणाली. मग तिनं त्याला सगळं सांगितलं, बैठक, माणसं, वही... ते एक वाक्य सोडून.

त्यानं हात पुसले, वही घेतली, पहिलं पान उघडलं. किती तरी वेळ वाचत राहिला. आता हा वही भिरकावणार, की उठून चालायला लागणार...

त्यानं वही आईला परत दिली. "इथं ताईचं नाव लिहिणार, अल्वा, हो ना? आधी तिला विचार की."

मग खाली बघून पुन्हा शेंगा सोलायला लागला. मी आत जाऊन नळ सोडला आणि मनसोक्त रडून घेतलं.

भीती गेलेली नाही. पान अजून कोरं आहे. काल सकाळी मी ते उघडून बसले होते, तर श्रीधर म्हणाला, घाई नाही.

ज्यांनी आम्हाला काहीच विचारलं नाही, त्या आजोबांचे मनापासून आभार. आणि मला आधी विचारायला हवं असं ज्याला वाटलं, त्या माझ्या भावाचेही...