पुढचंच भावंड
चित्रान्नाचा, त्या पिवळ्या लिंबूभाताचा, वास आला की बंगळूरच्या व्हाइटफील्डमधल्या ऑफिसातली ती दुपार आठवते. आम्ही एका दवाखान्यासाठी बनवत असलेल्या वेबपानावर औषधाच्या एका डोसवर खूण केली की यादीतल्या इतर डोसांवरची खूण निघायला हवी होती, पण मी लिहिलेल्या जावास्क्रिप्ट कोडनं ती निघत नव्हती. तीन दिवस मी वैतागलो होतो. शेजारी डब्यातलं चित्रान्न जेवत बसलेल्या, आमचं काम तपासणाऱ्या टेस्टिंगच्या अक्का म्हणाल्या, "अजून दोन खुणा राहतात. कुणाला दुप्पट औषध जाईल." मी तडकलो, "तुम्हीच नीट बघत नाही." त्यांनी डबा बाजूला सारला. "स्वल्प थांब. तू फक्त पुढचंच भावंड, म्हणजे यादीतला लगेच खालचा डोस, बघतोयस. वर पालकाकडे, म्हणजे अख्ख्या यादीकडे जा, त्याची सगळी मुलं, म्हणजे सगळे डोस घे, आत्ता खूण केलेलं हे एक सोड आणि बाकीच्यांत ज्यांच्यावर खूण आहे त्यांची काढ." चार ओळींत काम झालं. माझ्या तोंडून साधं 'सॉरी'ही निघालं नाही, याचीच चीड अजून येते.