पळसाच्या पानांचा नवरा

आमचे हे फौजेबरोबर कारकून म्हणून उत्तरेत गेले आणि बारा वर्षं त्यांचा ठावठिकाणा नव्हता. बारा वर्षं झाली की शास्त्राच्या लेखी माणूस मेला. मुठेच्या काठी पळसाच्या पानांचा पुतळा मांडला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला, धाकट्या दिरांनी अग्नी दिला. त्याच दिवशी माझ्या बांगड्या फोडल्या, डोकं भादरलं आणि अंगावर लाल आलवण आलं. पानं काय, घटकाभरात जळून गेली.

पुढं काही वर्षांनी एका सकाळी हे नारायण पेठेत आमच्या दारात उभे, पोट खपाटीला गेलेलं. सासूबाईंनी भूत समजून दार लावून घेतलं. मी उघडलं. भुताला इतकी भूक लागलेली नसते, एवढी अक्कल मला होती.

भटजी म्हणाले, ज्याचे दिवस घातले त्यानं पुन्हा जन्म घ्यायचा. तुपानं न्हायचं, मग बारसं, मुंज आणि शेवटी लग्न. त्याशिवाय पंक्तीला पान नाही. मिशा पिकलेला बाप्या बारशाला बसला तेव्हा मी तोंडाला पदर लावून पोटभर हसले.

पण ते हसू फार टिकलं नाही. चुलतसासरे म्हणाले, "लग्न लावायचंच आहे, तर नवी मुलगी बघू. बोडकीला बोहल्यावर कसं उभं करणार?" हे खाली बघत बसलेले. धडधडीत नवरा समोर असताना मी विधवाच राहणार, आणि वर त्याच्या नवरीला वाढणार. छे, मेले तरी नाही.

मी माजघरातून थेट ओसरीवर आले.

"भटजी, शास्त्र काय म्हणतं? नवी बायको की तीच?"

भटजींनी घसा खाकरला. "पहिली हयात असेल, तर तीच."

"मग मी हयात आहे. मला कुणी जाळलेलं नाही."

"सूनबाई, लोक हसतील," चुलतसासरे म्हणाले.

"हसू देत. पानांना अग्नी दिलात तेव्हाच हसायला हवं होतं त्यांनी."

तेव्हा कुठं यांनी मान वर केली. "हीच," एवढंच म्हणाले.

लग्नात मुंडावळ्या माझ्या डोक्यावर ठरेनात. मंगलाष्टकं संपेपर्यंत मी त्या एका हातानं धरून उभी होते. अंतरपाट सरला. माळ घालायला दोन्ही हात लागतात. मी हात सोडला. मुंडावळ्या घसरल्या, पदरही घसरला, बोडकं डोकं साऱ्या मांडवानं पाहिलं. मी माळ घातली.