गायीवरचा आळ

माझ्या दादाचं सातपूरला मेडिकल आहे. कंपनीतून सुटलेली माणसं बाईकवरून न उतरताच ओरडतात, "अंग मोडून आलंय, उद्या सुट्टी नाही, काहीतरी भारी दे!" दादा स्ट्रिपच्या चार-सहा गोळ्या कापतो, कागदाच्या पुडीत घालतो आणि देतो. डॉक्टरची चिठ्ठी कोण मागतंय तिथे? घरात कोणालाही ताप आला की दादाची पुडी यायचीच. गोळीचं नाव मी कधी विचारलं नाही. सख्ख्या भावाला काय नाव विचारायचं!

गेल्या वर्षी मला ताप यायचा, जायचा, पुन्हा यायचा. दादा पुडी द्यायचा आणि म्हणायचा, "तापाची आहे, घे गुपचूप." जरा बरं वाटलं की मी शाळेत शिकवायला हजर. मग एके दिवशी शाळेचा जिना चढताना असा दम लागला की मधल्या पायरीवर मटकन बसलेच. तपासणीत दिसलं, हृदयाच्या झडपेवर जंतूंनी घर केलंय आणि झडप गळायला लागलीय.

हॉस्पिटलात पुन्हा पुन्हा रक्त घेतलं. त्यातला जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखायचा, म्हणजे त्याच्यावरचं नेमकं औषध देता येतं. पण दर वेळी रिपोर्ट कोरा. काहीच उगवेना. डॉक्टरांनी विचारलं, "आधी कुठलं अँटिबायोटिक घेतलंय का? घेतलं असलं तर जंतू रक्तात सापडत नाही." मी दादाकडे पाहिलं. तो खाटेशेजारीच उभा होता.

"छे हो डॉक्टर," तो म्हणाला, "साध्या तापाच्या गोळ्या. मीच तर दिल्यात."

मग डॉक्टर दुसरीकडे शोधायला लागले. काही जंतू म्हणे जनावरांकडूनही येतात. कच्चं दूध वगैरे पिता का? माझं सासर कळवणकडचं. दिवाळीत सासूबाईंनी कौतुकानं धारोष्ण दूध दिलं होतं आणि मीही आवडीनं प्याले होते. तसं मी सांगितलं. दादानं लगेच उचललं, "तेच असणार! मी कधीचा म्हणतोय, गावाकडचं दूध उकळल्याशिवाय पिऊ नये." कधी म्हणाला होता, देव जाणे. पण भेटायला येईल त्या नातेवाइकाला तो तेच सांगत सुटला. ते फिरत फिरत सासूबाईंपर्यंत गेलं, आणि त्या माउलीनं गाय विकून टाकली. फोनवर एवढंच म्हणाल्या, "माझी गाय आजारी नव्हती गं. पण जाऊ दे, तू बरी हो." पुढे जनावरांकडून येणाऱ्या त्या जंतूंची तपासणीही झाली. त्यातही काही निघालं नाही.

नाव-गाव कळलेलं नाही अशा जंतूवर अंदाजानं जड जड औषधं चालली. झडप वाचली नाही. छाती उघडून धातूची नवी बसवली. काढलेली झडप लॅबला पाठवली, तिच्यातूनही काही उगवलं नाही. त्या औषधांतल्या एकानं माझे कान अधू केले. मागच्या बाकावरची कार्टी आता वर्गात काय वाट्टेल ते बोलतात.

घरी आल्यावर वहिनी मऊ खिचडी घेऊन आली. बोलता बोलता म्हणाली, "नवलच आहे बाई, ताई. ह्यांनी तुम्हाला एवढ्या भारी अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या, तरी ताप हटला नाही!" हॉस्पिटलात झालेली विचारणा तिला बिचारीला माहीतच नव्हती. मी खिचडी बाजूला सारली.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. विचारलं, आधी कळलं असतं तर झडप वाचली असती का? ते म्हणाले, तसं छातीठोक सांगता येणार नाही, ऑपरेशन कदाचित लागलंही असतं. पण रिपोर्ट कोरे का येतायत ते कळलं असतं, आणि औषधं वेगळा विचार करून देता आली असती. मला तेवढं पुरलं.

दादाला बोलावून घेतलं. आधी म्हणाला, लक्षातच राहिलं नाही. मग म्हणाला, चिठ्ठीशिवाय गोळ्या दिल्याचं कबूल केलं असतं तर लायसन गेलं असतं, घर कशावर चालवू? गोळ्या दिल्याचा मला राग नव्हताच. माझ्या काळजीनंच दिल्या असतील. पण मी मरणाच्या दारात असताना हा मेला शेजारी उभा राहून धडधडीत खोटं बोलला, आणि वर माझ्या सासूच्या गोठ्याकडे बोट दाखवलं! मी तोंडाला येईल ते बोलले.

"अगं, तुला खरंच काही झालं असतं," तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "तर मी सांगणारच होतो."

"मला काही झाल्यावर? मग कोणाला सांगणार होतास, दादा?"

तो उठला आणि खाली मान घालून चपला शोधायला लागला.