सुई धरणारा हात पिंजरे धुतोय

माझी धाकटी जाऊ वेदनेवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत उंदरांची ऑपरेशनं करते. करायची, असं आज लिहावं लागतंय, आणि लिहिताना राग येतोय.

काम असं. उंदराला भूल द्यायची, पाठीवर छेद घ्यायचा, स्नायू बाजूला सारायचे, कण्याचं हाड जरासं कोरलं की नसांची गाठ दिसते. हातापायांतली कळ म्हणे असल्या गाठींतूनच वर मेंदूकडे जाते. गाठ केवढी, तर तांदळाच्या कणीएवढी. तिच्यात केसासारखी काचेची सुई घालून औषध अगदी सावकाश सोडायचं. सोडलं की सुई लगेच काढायची नाही, तशीच धरून बसायचं. घाई केली तर औषध उलटं बाहेर येतं. त्या वेळी ही श्वाससुद्धा जपून घेते. दीर चिडवतात, "वहिनी, घरात मात्र हिला सुईत दोरा मी ओवून देतो."

टाके घातले की प्रत्येक जिवाला वेदनाशामक द्यायचं, उबेत ठेवायचं, मगच घरी यायचं, हा तिचा नेम. नव्या साहेबांनी वेदनाशामकच बंद केलं. म्हणाले, "त्यानं आकडे बिघडतात. आपण वेदनाच मोजतोय ना?"

"छेदाची नाही मोजत, सर. गाठीतली मोजतोय. आणि औषध देणार नसाल तर सुई मी धरणार नाही."

"मग पिंजरे धुवा."

ही धुवायला लागली, ऑपरेशनं दुसरंच कुणी करू लागलं. माझा संताप झाला. "राजीनामा तोंडावर फेक. जीव देवानं दिलाय त्या उंदरांना, साहेबानं नाही."

"ताई, मी निघून आले तर त्यांच्याकडे बघणार कोण?"

काल पिंजरे धुताना तिला दिसलं, ऑपरेशन झालेले उंदीर पाठीची कमान करून कोपऱ्यात बसलेत, डोळे अर्धे मिटलेले, खाण्याला तोंड लावत नाहीत. तिनं थेट प्रयोगशाळेच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं; ऑपरेशनं थांबवायचा अधिकार त्यांना असतो. बाईंनी तिथल्या तिथे औषध टोचलं आणि साहेबांना सुनावलं, वेदनाशामक सुरू होईपर्यंत एकही ऑपरेशन होणार नाही.

साहेबांनी बाईंपुढे मान डोलावली आणि राग काढला हिच्यावर. "चहाडखोराच्या हातात सुई देणार नाही."

आज देवापुढे बसले, पण चित्त लागेना. वेदनेवर पोट भरणाऱ्याला समोरची वेदना दिसू नये? जाऊ मात्र सकाळी डबा घेऊन निघाली. "जनावरांना औषध मिळतंय ना, मग पिंजरे तर पिंजरे," म्हणाली.

तिला पटलं असेल. मला पटलेलं नाही, आणि हे मी देवालाही सांगितलंय.