रोलाचा शेवटचा फोटो

आमच्या मालकांना कुणी रस्ता विचारू नये. उमरग्यात चाळीस वर्षं फोटो काढले, पण डावीकडं सांगायचं झालं की हात उजवीकडं जातो. दोष त्या कॅमेऱ्याचा. पुढं दोन भिंगं, पोटाशी धरून वरनं वाकून बघायचं, अन् काचेत डावं ते उजवं दिसतं. शांतलिंग फोटोवाले म्हणून गाव त्यांना ओळखतं. मी त्यांची बायको उमादेवी, मागनं निस्तरणारी.

दुकान बंद करून आठ वर्षं झाली. कॅमेरा कपाटात, माझ्या जुन्या पातळात गुंडाळलेला. अन् गेल्या महिन्यात बेंबळीची निकिता दारात उभी. ही पोरगी लग्नाचे फोटो काढते, गळ्यात भला मोठा नवा कॅमेरा, पण तिला आमचं डबडं बघायचं होतं. मालकांनी तिला सगळ्या खोडी सांगितल्या. कोपऱ्यातनं उजेड आत शिरतो, फोटोवर पांढरा पट्टा येतो. रोलात बाराच फोटो. प्रत्येक फोटोनंतर हातानं रोल सरकवायचा, विसरलं की एकावर एक दोन फोटो बसतात. पोरगी प्रत्येक खोडीला खूश. म्हणाली, माझ्याकडं एका लग्नाचे तीन हजार फोटो निघतात काका, घरी आल्यावर त्यातला एक आठवत न्हाय. बाराच म्हटलं की आधी माणसाकडं नीट बघावं लागतं.

मालक माझ्या तोंडाकडं बघाया लागले. ज्या पट्ट्यापायी जन्मभर गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली, तोच पोरीला मुद्दाम पाहिजे! मला वाटलं, थट्टा करतीय.

मग ती जुन्या निगेटिव्हचा डबा घेऊन बसली. एकेक खिडकीकडं धरून बघता बघता एकीपाशी थांबली.

"मावशी, ह्यात तुम्ही आहात का?"

मालकांनी झटकन हात पुढं केला, पण त्याआधी म्या ती हिसकावली. निकितानं मोबाईलवर काळ्याचं पांढरं करून ती सरळ दाखवली. खुर्चीत शांतम्मा, कल्याणप्पा भावजींची आई. कपाळाला विभूती, गळ्यात हार, डोळे मिटलेले. आमच्यात माणूस गेलं की बसवूनच समाधी देतात, तशा बसवलेल्या. अन् त्यांच्या खांद्याला लागून, अर्धी त्यांच्यात मिसळलेली, मी. हातात लाटणं, दात काढून हसतीय.

मेलेल्या बाईसंगं माझा फोटो, अन् तीस वर्षं मला पत्ता न्हाय! लई बोलले मी मालकांना. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग खाली मान घालून सांगितलं.

कल्याणप्पा भावजी म्हणजे मालकांचा शाळेपासूनचा दोस्त. म्हातारीचा जिवंतपणी एक फोटो न्हाय, सगळ्यांना वाटायचं लाजते. ती गेली त्या दिवशी रोलात दोनच फोटो शिल्लक होते. एक तिचा काढला. रोल संपल्याबिगर धुता येत न्हाय, म्हणून शेवटचा फोटो घरी येऊन माझा, ही ह्यांची कायमची रीत. ह्यांचं पडलेलं तोंड बघून हसवायला म्हणून मीच हसले असंन. अन् रडून आलेला माणूस मधी रोल सरकवायलाच विसरला. आईच्या अंगावर हसणारी बाई कशी दाखवायची? भावजींना सांगितलं, फोटो जळला.

भावजींनी एका शब्दानं विचारलं न्हाय. पण आईसाठी करून आणलेली चौकट त्यांच्या भिंतीवर अजून तशीच हाय, आत नुसतं बेलाचं पान. अन् मालक रोज त्या चौकटीखाली बसून चहा पितात.

आता काय करावं? दाखवलं तर तीस वर्षांचं खोटं उघडं पडतंय, दोस्तीही जायची. न्हाय दाखवलं तर पोराला आईचं तोंड दिसायचं न्हाय. मालक मला विचारत राहिले.

निकिता म्हणाली, मावशीला कॉम्प्युटरवर पुसून टाकते, कुणाला कळणार पण न्हाय. मला ते पटलं. मालकांना पटलं न्हाय.

"ह्या फोटोपायी एकदा खोटं बोललो," ते म्हणाले. "आता बास."

निकितानं आहे तसा छापून आणला. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं भावजींकडं गेलो. मालकांनी सगळं खरं सांगून टाकलं. भावजी फोटो गुडघ्यावर ठेवून बघत बसले.

"अव्वाला, माझ्या आईला, फोटोची लाज न्हवती," ते म्हणाले. "फोटोला एकटीनं बसायची लाज होती. म्हणायची, कुणीतरी बसा माझ्याजवळ. आमी पोरं बसलोच न्हाय." मग माझ्याकडं वळले. "वैनी, तुम्ही बसलात."

मी काय मुद्दाम बसले होते?

भावजींनी बेलाचं पान काढलं अन् फोटो चौकटीत बसवला. मालक डोळे पुसत बाहेर आले अन् घरचा रस्ता सोडून भलतीकडंच वळले.

आता दर सोमवारी भावजी त्या चौकटीला उदबत्ती लावतात, हार घालतात. शांतम्मांना अन् संगं मलाही, जिवंतपणी. हे बरं का वाईट, कुणास ठाऊक. पण परवा हार जरा सरकून शांतम्मांच्या तोंडावर आला होता, तो म्याच उठून नीट केला.